पालखी रंग धरेना

पाडव्याच्या दिवशी चार बाप्यांनी पालखी आणून आमच्या ओटीवर ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेले. आई आत पन्ह्याचे पेले भरून उभी होती.

"घाईत असतील," आई म्हणाली.

कसली डोंबलाची घाई! चौघंही समोर दयारामकाकाच्या गॅलरीत जाऊन बसले आणि तिथं आरामात थंडा प्यायले. मी डोळ्यांनी बघितलं. पन्हं आम्ही दोघी दोन दिवस पुरवून प्यायलो.

आमच्या गावात देवीची पालखी दरवर्षी एका घराची असते. पाडव्याला घरी येते, चैत्र वद्य पंचमीला जत्रेत निघते. मधल्या दिवसांत त्या घरानं तिचा जुना रंग उतरवायचा आणि नवा लावायचा. रंगारी लावायचा नाही, घरच्याच हातानं. जत्रेच्या सकाळी पालखी ज्या ओटीवरून उठली, त्या घराची पाळी झाली. आणि पाळी एकदा चुकली की त्या घराचं नाव यादीतून जातं, ते पुन्हा लागत नाही. माझ्या बाबांनी या पाळीची जन्मभर वाट बघितली. पनवेलच्या मार्केटात टेम्पो फिरवताना कुणी भेटलं तरी सांगायचे, "पुढच्या चैतात आमची पालखी." मग भाद्रपदात छातीत दुखायचं निमित्त झालं आणि गेले. जगन गेला तर जगनचं घरही गेलं, असं गावातल्या काहींनी तेव्हाच धरून टाकलं. घरात उरलो आम्ही दोघी. आई, म्हणजे भामा, आणि मी प्राची. मी न्यू पनवेलला डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते आणि दिवसभर लोकांना थेंब घालून डोळे मिटायला सांगते.

दयारामकाका म्हणजे बाबांचा चुलतभाऊ. समोरचं तीन मजली घर त्याचं. सरकारकडे जमिनी गेल्या तेव्हा सगळ्यांनाच प्लॉट मिळाले, पण याच्या प्लॉटावर इमारत उभी राहिली आणि आमचा प्लॉट आजीच्या आजारपणात गेला. त्याचं म्हणणं एकच, "घरात बाप्या नाय, देवीचं कसं करणार? एकच कुळ हाय, मी करतो. जगनची न् माजी पाळी एकच धरा." ऐकायला गोड आहे. पण एकच धरली की बाबांचं नाव संपलं, हे आईला न शिकताही कळत होतं.

"करीन मी," आई गावकीच्या बैठकीत म्हणाली होती, आणि रामूआजोबांनी, म्हणजे आमच्या गावच्या पंचांनी, "करू द्या" म्हटलं होतं.

जुना रंग उतरवण्यात पहिले चार दिवस गेले. आधीच्या घरांनी वरवर खरवडून वेळ मारून नेली होती, त्यामुळं गेल्या कितीएक वर्षांचे थर होते. वर लाल, त्याखाली केशरी, त्याखाली कसलासा हिरवा. मी सकाळी पत्र्यानं खरवडायची, नऊ वाजता आंघोळ करून कामावर पळायची, संध्याकाळी येऊन पुन्हा बसायची. आई दिवसभर त्यातच. चैतातला उकाडा, वारा नाही, समोरच्या रस्त्यावरून डंपर, आता वरून विमानं. पॉलिश पेपरनं घासून घासून आईच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली. बँकेत अंगठा लावायला गेली तर मशीन घेईना.

"देवीनं तुजी ओळखच पुसली," मी म्हटलं.

"मेली तुजी जीभ," आई म्हणाली, पण हसली. बाबा गेल्यापासून हसताना मी तिला फार बघितलेलं नव्हतं.

शेवटी लाकूड उघडं पडलं. सागाचं, फिकट, अंगावर जुन्या खिळ्यांचे डाग. आता रीत अशी की उघड्या पालखीला नवरीसारखी हळद लावायची. पाच सवाष्णींनी यायचं, गोडं तेल आणि हळद बोटावर घेऊन पाच ठिकाणी टिकली लावायची, धवला, म्हणजे लग्नातलं गाणं, म्हणायचा, मग रंग. आईनं हळदीला हात लावायचा नव्हता. ती आता सवाष्ण नव्हती ना. म्हणून तिनं मला करंडा देऊन पाच घरी पाठवलं. पहिलं घर समोरचं, शोभाकाकीचं. दयारामकाकाची बायको, आळीतली मानाची सवाष्ण.

"येतो गो. किती वाजता?" काकीनं विचारलं.

"चार वाजता."

"येतो."

बाकीच्या चौघींनीही हेच विचारलं, "शोभा येते ना? मंग येतो."

चार वाजता आईनं चटया घातल्या. तेलाची वाटी कोमट केली, हळकुंड उगाळलं, पाच नारळ, पाच पानं मांडली. स्वतः दाराआड जाऊन बसली, म्हणजे बायकांना अवघडायला नको. पाच वाजले, साडेपाच झाले. समोरच्या गॅलरीत शोभाकाकी तांदूळ निवडत होती. तिनं एकदा मान वर केली, आमच्याकडे बघितलं, आणि ताट घेऊन आत गेली. मला असा संताप आला! म्हटलं जाऊन विचारते.

"बस खाली," आई म्हणाली. "पायाला हात लावून बोलवलं तरी नाय यायच्या त्या. माज्या घरची हळद त्यांना नको."

दिवेलागण झाली. आई दाराआडून उठली, ओटीचं दार लोटून घेतलं आणि पालखीसमोर बसली. वाटीतलं तेल तळहातावर ओतलं. टिकली नाही, बोट नाही. लहान पोर न्हाऊ घालतात तसं दोन्ही हातांनी चोळायला लागली. दांडीला, खुरांना, कमानीला, कोरलेल्या वेलबुट्टीत बोट घालघालून. वाटी संपली तशी बाटली आणली. मग हळद. तोंडानं धवला चालला होता, अगदी हळू. मी दारात उभी होते. तिला थांबवावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ती रडतही नव्हती. कितीतरी दिवसांनी कुणाला तरी आपल्या हातानं माखायला मिळालं, एवढंच तिच्या तोंडावर दिसत होतं.

सगळं झाल्यावर तिनं फडक्यानं पालखी पुसून काढली.

"कुनाला बोलू नको, बाय," ती म्हणाली.

"मी कशाला बोलते?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि आईला घेऊन पनवेलला रंगाच्या दुकानात गेले. प्रभाकरशेठचं दुकान, बाबांच्या टेम्पोचं नेहमीचं गिऱ्हाईक. शेठ बोलायला लागला की थांबत नाही. त्यानं काउंटरवर तीन पट्ट्या ठेवल्या. एक मंद, एक मधली, एक अशी चकचकीत की वरचा पंखा त्यात फिरताना दिसत होता.

"वहिनी, हल्ली लोक मंदच नेतात. डाग दिसत नाहीत, खड्डे दिसत नाहीत. हा हाय ग्लॉस फार चहाडखोर. लाकडात नखभर खड्डा असला तरी गावभर सांगतो."

आईनं चकचकीत पट्टी उचलली, उजेडात धरली आणि त्यात आपलं तोंड बघितलं.

"ह्योच. यांनी सांगून ठेवलंय, तोंड दिसलं पायजे."

"पाण्याचा देऊ का? वास येत नाही, लवकर वाळतो."

"पालखीवर गुलाल पडतो, नारळाचं पाणी पडतं, पाऊस लागला तर तो पन. टिकंल का?"

"मग ऑइल पेंटच घ्या. एक दिवस जास्त लागेल, पण अंग धरेल." शेठनं लाल डबा काढला, लाकडाचा प्रायमर काढला, पालखीच्या लोखंडी पट्ट्यांसाठी रेड ऑक्साइड काढलं. "लोखंडाला आधी हे, मग रंग. गंज सगळा घासायचा. आणि ब्रश स्वस्तातला नेऊ नका, केस सोडतो. पातळ हात मारायचे, दोन. एकच जाड हात मारलात तर ओघळ येतील, सुरकुत्या पडतील. आणि धूळ! धुळीत काम करू नका."

"धुळीत नाय तर कुठं करू? गावच धुळीत हाय," आई म्हणाली.

धुळीवर तिनं उपाय केला. बाबांच्या टेम्पोची ताडपत्री ओटीला चारी बाजूंनी बांधली, जमिनीवर पाणी मारलं. आत भट्टी झाली. घाम नाकाच्या शेंड्यावरून रंगात पडू नये म्हणून दोघींनी कपाळाला फडकी बांधली. प्रायमर लावला, एक दिवस ठेवला. हाताला जरासा मऊ लागत होता, पण उकाड्यानं असेल म्हटलं. आणि मग लाल. आई ब्रश असा ओढायची की शेवटचा हात सगळीकडे एकाच दिशेनं जायचा. संध्याकाळी ताडपत्री वर केली आणि मी, जी कशालाच चांगलं म्हणत नाही, ती मी म्हटलं, "आये, कसली दिसते गं!"

सकाळी आईनं बोट लावलं. बोट चिकटलं.

"वाळंल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही चिकटलं. तिसऱ्या दिवशी तेच. लोखंडाच्या पट्ट्या खडखडीत वाळल्या होत्या, नखानं वाजवल्या तर टणटण वाजत होत्या. लाकूड मात्र गुळासारखं. चिलटं बसली ती तिथंच राहिली. मच्छरांचे पाय चिकटून राहिले, मच्छर गेले. आई चिमट्यानं एकेक वेचत बसायची आणि वेचलं की तिथं व्रण राहायचा.

गावात असल्या गोष्टीला पाय फुटायला वेळ लागत नाही. नळावर एक बाई दुसरीला म्हणाली, "देवी रंगच घेत नाय त्या घरात." माझी घागर भरत होती, मी ऐकलं. तिसरी म्हणाली, "घेनार कशी? उघड्या कपाळाचा हात." मी घागर अर्धीच उचलली आणि घरी आले. आईला सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, तिचं तोंड बघून कळलं की तिनं ते माझ्याआधीच ऐकलंय.

त्या संध्याकाळी दयारामकाका ताडपत्री उचलून आत आला. मागे त्याचा मुलगा दीपेश, हातात मोबाइल. काकानं विचारलं नाही, पुसलं नाही, सरळ कमानीवर बोट टेकवलं. लाल झालेलं बोट आमच्यासमोर धरलं.

"भामा, हे काय?"

आई उभी राहिली, पदर डोक्यावर ओढला. माझ्या आईनं, जिनं चार दिवस कंबर वाकवून ते लाकूड तासलं होतं, त्याच्यासमोर पदर ओढला. मला तेच जास्त लागलं.

"उकाडा हाय, भावजी. वाळंल."

"माज्या गाडीचा रंग दोन तासांत वाळतो. उद्या देवळात ये. गावकी बसवलीय." त्यानं बोट आमच्याच ताडपत्रीला पुसलं आणि गेला. दीपेशनं जाताजाता पालखीचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून निघून थेट प्रभाकरशेठकडे गेले आणि भांडायलाच सुरुवात केली. डबा जुना दिलात, टर्पेंटाइनमध्ये भेसळ आहे, काय वाट्टेल ते. शेठनं सगळं ऐकून घेतलं.

"लोखंडावर वाळला?"

"हो."

"त्याच डब्यातला?"

"हो."

"मग डबा कसा खराब? लाकडाला तेल-बिल लागलंय काय?"

माझ्या डोळ्यांसमोर तेलाची बाटली आली.

"लोखंडावरचं तेल पुसलं की जातं. लाकूड ते पितं. उघड्या लाकडाला तेल पाजलंत तर त्यावर रंग जन्मात वाळायचा नाही. सगळं खरवडा. थिनरनं पुसा, उन्हात ठेवा, तेल वर येईल, पुन्हा पुसा. फडकं कोरडं निघेपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून."

रिक्षात बसले आणि आधी हायसं वाटलं. देवी-बिवी काही नाही, गोडं तेल आहे. मग विचुंब्याच्या फाट्यापर्यंत येईतो पुढचं लक्षात आलं. गावकीत सांगायचं काय? तेल आहे म्हटलं तर विचारतील, कुणी लावलं. दरवर्षी सवाष्णी बोटभर लावतात, वाळतोच की रंग. एवढं कुणी चोळलं? आणि हळदीला विधवेनं हात लावला हे कळलं तर मग काय, दयारामकाकाच्या हातात आपणच कोयता द्यायचा. गप्प बसावं तर देवीनं आईला नाकारलं, हे पक्कं.

आईला सगळं सांगितलं. ती ऐकत भाकऱ्या थापत राहिली.

"म्हंजे माज्या हातानंच झालं," एवढंच म्हणाली.

"तू काही बोलू नकोस. उकाड्यानं म्हणू. दोन दिवस मागून घेऊ."

तव्यावरची भाकरी करपली.

देवळात पुरुष सतरंजीवर बसले होते. बायका खांबांपाशी उभ्या. शोभाकाकीही होती. काका उठला.

"मना कुनाचं वाईट बोलायचं नाय. माज्याच भावाचं घर हाय. पन जत्रा आठवड्यावर आली आनि पालखी बोटाला चिकटते. देवी रंग घेत नाय. का घेत नाय ते सगळ्यांना ठावं हाय. मना बोलायला लावू नका."

त्याला बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. रामूआजोबांनी आईकडे बघितलं. ऐंशी वर्षांचा माणूस, उन्हानं दमलेला.

"भामे, तुजं काय म्हननं?"

मी आईचा हात दाबला. उकाडा म्हण, उकाडा म्हण. आईनं हात सोडवून घेतला.

"देवीनं नाय म्हटलेलं नाय," ती म्हणाली. "तेल हाय खाली. मी लावलं."

"तेल तर दरसालचंच," कुणीतरी म्हणालं.

"सवाष्णी टिकली लावतात. मी वाटीभर चोळलं. वर अर्धी बाटली. हळद पन मीच लावली. ह्या हातानं."

देवळावरून विमान गेलं, ते नीट ऐकू आलं.

"तुला रीत ठाव नव्हती?" आजोबांनी विचारलं.

"ठाव व्हती. पाचजणींना बोलावनं धाडलं व्हतं. पाचींनी येतो म्हटलं. नारळ मांडले, तेल गरम केलं, मी दाराआड बसलो की माजं तोंड नको दिसायला त्यांना. दिवे लागले तरी एक आली नाय. ती तशीच उघडी बसलेली ओटीवर. नवरीला उघडी ठेवायची? कोरडी ठेवायची? तुमच्या घरात ठेवली असती कुनी?" आईचा आवाज चढला नव्हता. "नाय जमलं मना. चुकलं असंल तर माजं चुकलं. देवीचं नाव घेऊ नका."

बायकांपैकी एकीनंही मान वर केली नाही. शोभाकाकी खांबाचा रंग नखानं खरवडत होती.

पुरुष मात्र लगेच बोलायला लागले. चुकलं कबूल केलं ना, मग प्रश्नच मिटला. काकानं तोडगाही तयार ठेवला होता. रविवारी पालखी त्याच्याकडे न्यायची. गॅरेजमधली फवाऱ्याची मशीन आणायची, दोन तासांत काम संपलं.

"आनि घरचा हात?" आजोबांनी विचारलं.

"बटन दीपेश दाबंल. घरचाच हात झाला."

आजोबांनी बराच वेळ मिशी ओढली. "रविवारी बघू. तवर वाळली नाय, तर न्या," म्हणाले आणि काठी घेऊन उठले.

घरी आल्यावर मी ओरडून घेतलं. काकाला, गावकीला, त्या पाच बायांना, देवीलाही सोडलं नाही. मुकाट्यानं खोटं बोलली असतीस तर काय झिजलं असतं, असं आईलाही बोलले. ती पायरीवर बसून पायाचे तळवे दाबत होती. माझं सगळं झाल्यावर म्हणाली, "पॉलिश पेपर किती उरलाय?"

"पाच-सहा कागद."

"उद्या सकाळीच आनखी आन. थिनर पन."

मी दवाखान्यात फोन करून आजारी आहे म्हणून सांगितलं. खोटंही नव्हतं. ते दिवस मला एकामागे एक आठवत नाहीत, सगळे एकच लांब दुपार वाटतात. चिकट रंग पत्र्याला धरून लोळ्यालोळ्यांनी निघायचा आणि पत्रा पुसेपर्यंत बोटांना लागायचा. पहिल्या वेळी कोरडा खरवडला होता, तो निदान झडायचा तरी. मग थिनर. आईच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, त्यात थिनर गेलं की ती तोंडानं वारा ओढायची, बोलायची नाही. मी हातमोजे आणून दिले, ते थिनरनं तासाभरात सुजून फाटले. पालखी उन्हात ठेवायची, लाकूड तापलं की तेलाचे काळसर डाग वर यायचे, की फडकं. पुन्हा ऊन, पुन्हा फडकं. दुपारी डोकं भणभणायचं. माझा तोल जायचा तेव्हा मी आईला म्हणायची, जाऊ दे ना आये, नेऊ दे त्याला, कोण बघतंय बाबांचं नाव.

"मी बघतो," आई म्हणायची आणि नवं फडकं घ्यायची.

फडकं कोरडं निघालं तेव्हा मी रडले. चक्क रडले, दुसरं काही सुचलं नाही. शुक्रवारी प्रायमर लावला. सकाळी तो खडूसारखा कोरडा, हात फिरवला तर सरसर आवाज. शनिवारी लाल, पातळ हात. रविवारी उजाडताना आईनं बोट टेकवलं, उचललं, बघितलं. बोट स्वच्छ होतं.

मला वाटलं, झालं. आता काकाला दाखवायचं, वाळलंय म्हणून, आणि हात जोडायचे. पण आईनं डबा उघडला आणि काडीनं रंग ढवळायला लागली.

"अगं, वाळलंय! आता ते येतील!"

"दुसरा हात राहिलाय," आई म्हणाली. "अर्धवट रंगवून ठेवू? शेठनं दोन सांगितलेत."

दहाच्या सुमाराला काका आला. दीपेश, आणखी चार जण, मागून रामूआजोबा, आणि त्यांच्यामागून बघायला म्हणून आळीतल्या बायका. आईचा शेवटचा हात दांडीवरून फिरून नुकताच संपला होता. मी ताडपत्री सोडली.

ओटीभर लाल उजेड पडला होता. कमानीत आकाश दिसत होतं, दारातल्या माणसांच्या टोप्या दिसत होत्या. एक खड्डा नाही, एक ओघळ नाही.

"वाळली?" काकानं विचारलं.

"वलं हाय," आई म्हणाली. "सकाळच्याला दुसरा हात मारला."

"मंग? गावकीत काय ठरलं? वाळली नाय तर न्यायची."

"न्या की." आई बाजूला झाली. ब्रश हातातच होता, हात कोपरापर्यंत लाल. "दांडीला धरा आनि उचला. मी नाय आडवत."

चौघं पुढे आले आणि दांडीपाशी उभे राहिले. हात लावायचा तर लावायचा कुठं? जिथं धराल तिथं पंजा उठणार, आणि तो पंजा बुधवारी साऱ्या जत्रेला दिसणार. एकानं लुंगीला हात पुसले आणि मागे सरला. दुसऱ्यानं काकाकडे बघितलं.

"अरे उचला! आपन परत फवारा मारनारच हाय!" काका ओरडला. "दीपेश, धर तू!"

दीपेशनं मोबाइल खिशात टाकला आणि हात पुढे केला.

"हात लावू नको!"

शोभाकाकी ओरडली. बायकांतून वाट काढत ती पायऱ्या चढून वर आली आणि पोराचं मनगट धरून मागे ओढलं. "मेल्या, डोले फुटले काय तुजे? तिनं दोनदा घासलीय ती. दोनदा! मी गॅलरीतून बगत व्हतो रोज." मग ती नवऱ्याकडे वळली. "आनि तुमी घरी चला म्हनू नका मना. माजी हळद राहिली इथली."

काकानं आजोबांकडे बघितलं.

आजोबांनी काठी टेकून वाकून कमानीत बघितलं. स्वतःचीच पांढरी दाढी बघत असावेत. "बुधवारी हितूनच उठंल," म्हणाले. "चला रं, बायांना काम करू द्या."

पुरुष गेले. काकाही गेला, चपला ओढत. बायका ओटीच्या कडेला घुटमळत राहिल्या. एकीच्या हातात खरंच तेलाची वाटी होती, पदराखाली धरलेली. आईनं ती बघितली आणि मानेनंच नको म्हटलं. ती होती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली, पाय लांब केले, लाल हात मांडीवर उताणे ठेवले.

शोभाकाकी तिच्यापाशी उभी होती. बसू की नको, असं तिचं चाललं होतं. तिनं आईच्या हातातून ब्रश काढून घेतला, तो कुठं ठेवायचा ते तिला कळेना.

"भामे," ती म्हणाली, "मी आलो असतो तर..."

आईनं डोळे मिटलेले होते. मग जरा सरकून तिनं भिंतीशी जागा केली.

"बस," ती म्हणाली. "पन पदर सांभाळ. वलं हाय."